१०८ आळ्यांचे दैवत: टोकियोतील कंदा म्योजिन

टोकियोतील अकिहाबारा भागात विजेच्या उपकरणांची आणि संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने मागे टाकून पश्चिमेकडे थोडे चालत गेले, की रस्ता एका टेकाडाच्या पायथ्याशी येतो आणि समोर दगडी पायऱ्यांचा उभा चढ लागतो. हा चढ संपतो तिथे कंदा म्योजिन हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचे, देवस्थान आहे. परंपरेनुसार त्याची स्थापना इ.स. ७३० मधली, म्हणजे टोकियो तर सोडाच, पण त्याच्या जागी आधी असलेले एदो नावाचे नगरही नव्हते तेव्हाची आहे. प्रत्यक्ष देवळासमोर उभे राहिल्यावर मात्र अनेक पर्यटक थोडे हिरमुसतात, कारण लाल-शेंदरी रंगाने झळाळणारी ही वास्तू १९३४ साली बांधलेली आहे आणि लाकडी नसून लोखंड व काँक्रीटची आहे. क्योतो किंवा नारा येथील जुनी लाकडी देवळे पाहून आलेल्यांना इथे ‘ऐतिहासिक’ काय आहे, असा प्रश्न पडतो. टोकियोत राहू लागल्यापासून मी या देवळात वरचेवर जात असतो आणि आता माझे मत पक्के झाले आहे, की या स्थानाचा इतिहास त्याच्या खांबांत आणि छपरात शोधू नये. तो भोवतालच्या आळ्यांनी धरून ठेवला आहे. सत्ताधाऱ्यांची इच्छा नसतानाही त्यांनी एका बंडखोराला आपला देव म्हणून कसे जपले, ही हकीकत मराठी वाचकांपुढे मांडावी असे फार दिवस मनात होते.

या देवळात तीन देवांची स्थापना आहे. पहिला ओनामुची, ज्याला लोक दाइकोकु या नावाने ओळखतात. दुसरा सुकुनाहिकोना, ज्याला व्यापाराचा देव एबिसु मानले जाते. तिसरा ताइरा नो मासाकादो, आणि हा तिसरा पुराणातला देव नसून दहाव्या शतकात होऊन गेलेला हाडामांसाचा माणूस आहे.

मासाकादो हा सम्राट कान्मू याच्या वंशातला योद्धा होता. आज टोकियो ज्या पूर्वेकडील मैदानी प्रदेशात वसले आहे, त्या कान्तो प्रदेशात त्याची जमीन आणि त्याची माणसे होती. जमीनजुमल्यावरून आणि भाऊबंदकीवरून त्याचे काका-चुलत्यांशी आधी युद्ध पेटले, आणि पुढे क्योतोच्या दरबाराने नेमलेल्या प्रांताधिकाऱ्यांशी त्याचा संघर्ष झाला. सारा थकवून पळालेल्या एका स्थानिक अधिकाऱ्याला त्याने आश्रय दिला, त्यावरून ९३९ साली हिताची प्रांताच्या ठाण्याशी त्याची लढाई झाली आणि ठाणे त्याच्या हाती पडले. मग त्याने कान्तोतील एकामागून एक प्रांत घेतले आणि स्वतःला नवा सम्राट म्हणवून घेतले. जपानच्या इतिहासात सम्राटपदाला इतके उघड आव्हान देणारी माणसे फार थोडी आहेत. हे राज्य काही महिनेही टिकले नाही. ९४० साली फुजिवारा नो हिदेसातो आणि मासाकादोचाच चुलतभाऊ ताइरा नो सादामोरी यांनी त्याचा पराभव केला. तो रणांगणावर पडला, त्याचे शिर कापून क्योतोला नेण्यात आले आणि तिथे ते लोकांना दिसेल असे टांगून ठेवले गेले.

इथून पुढे दंतकथा सुरू होते. ते शिर सडले नाही, त्याचे डोळे मिटले नाहीत, ते आपल्या धडाला हाका मारीत राहिले आणि एके रात्री पूर्वेकडे झेपावत उडत येऊन शिबासाकी नावाच्या खेड्यात पडले, असे लोक सांगत आले आहेत. तिथे त्याची समाधी बांधली गेली. हे खेडे म्हणजे आजचे ओतेमाची, टोकियोतील बँकांचा आणि मोठ्या कंपन्यांचा सर्वांत महागडा परिसर. कंदा म्योजिनचे मूळ स्थानही तिथेच, या समाधीच्या शेजारी होते. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात साथ पसरली तेव्हा ती मासाकादोच्या अतृप्त आत्म्याच्या कोपामुळे आली, अशी लोकांची समजूत झाली. शिंक्यो नावाच्या बौद्ध भिक्षूने त्या आत्म्याची शांती केली आणि १३०९ साली मासाकादोची या देवस्थानात विधिपूर्वक स्थापना झाली. अन्यायाने किंवा अकाली मेलेल्या पराक्रमी माणसाचा आत्मा शांत करायचा असेल, तर त्याला देवाचे आसन देऊन त्याची पूजा करायची, ही रीत जपानमध्ये जुनी आहे. आपल्याकडे गावोगावच्या वेशीवर वीरांना शेंदूर लावून पुजले जाते हे ज्याने पाहिले आहे, त्याला यामागची भावना समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी राज्यकर्ता, झालेल्या तोकुगावा इएयासूने एदोला आपली राजधानी केली, किल्ल्याचा विस्तार सुरू झाला आणि देवस्थानाला जुनी जागा सोडावी लागली. ते १६०३ साली सुरुगादाइ येथे आणि १६१६ साली सध्याच्या टेकाडावर आले. समाधी मात्र ओतेमाचीलाच राहिली. सेकिगाहाराच्या १६०० सालच्या निर्णायक लढाईपूर्वी इएयासूने इथे विजयासाठी प्रार्थना करविली होती आणि विजय नेमका या देवाच्या उत्सवाच्या दिवशी मिळाला, असे देवस्थान सांगते. कारण काहीही असो, तोकुगावा शोगुनांनी या देवाला साऱ्या एदो नगराच्या रक्षकाचा मान दिला. त्याची मिरवणूक थेट किल्ल्याच्या आत जात असे आणि शोगुन स्वतः ती पाहत असे. हा मान फक्त दोन उत्सवांना होता, कंदाच्या आणि हिए देवस्थानाच्या सान्नो उत्सवाला. दोन्हींचा खर्च आणि थाट इतका वाढत गेला, की १६८१ पासून ते एकाआड एक वर्षी करण्याची पद्धत पडली. ती आजही चालू आहे.

एदोच्या सामान्य माणसाला मासाकादो का आवडला असावा, याचा विचार करताना मला वाटते, की त्या वेळी क्योतो म्हणजे परंपरा, दरबार आणि प्रतिष्ठा होती, तर एदो हे दलदल बुजवून उभारलेले, कारागिरांचे, हमालांचे आणि दुकानदारांचे नवे शहर होते. ज्या माणसाने क्योतोला न जुमानता पूर्वेकडे स्वतंत्र राज्य मांडले, तो या लोकांना आपल्या मातीतला वाटणे स्वाभाविक होते. तोकुगावांनाही क्योतोबाहेर सत्तेचे केंद्र उभे करायचे होते, त्यामुळे त्यांना या देवाची अडचण झाली नाही.

अडचण झाली ती १८६८ नंतर. शोगुनशाही संपली, सम्राट मेइजी क्योतोहून आले, एदोचे टोकियो झाले आणि शिंतो धर्म राज्याच्या चौकटीत बसवला जाऊ लागला. सम्राटाच्या सत्तेविरुद्ध शस्त्र उचललेला माणूस सम्राटाच्याच नव्या राजधानीचा रक्षक देव असणे हे नव्या सरकारला मानवणारे नव्हते. १८७४ साली मासाकादोला मुख्य गाभाऱ्यातून हलवून आवारातल्या एका दुय्यम देवळात ठेवण्यात आले, आणि त्याच्या जागी हिताची प्रांताच्या किनाऱ्यावरील ओआराइ येथून सुकुनाहिकोनाला आणून बसवले गेले. त्याच वर्षी सम्राट मेइजींनी या देवस्थानाला भेट दिली. आळ्यांमधील लोक या बदलाने दुखावले. नव्याने आणलेल्या देवाकडे त्यांनी पाठ फिरवली आणि मासाकादोच्या वेगळ्या देवळासाठी मात्र सढळ हाताने वर्गणी दिली, असे त्या काळाविषयी सांगितले जाते. देवाचे स्थान सरकारी हुकमाने बदलता येते, पण भक्ताने कुणापुढे हात जोडायचे हे हुकमाने ठरत नाही, हे या लोकांनी दाखवून दिले.

मासाकादो मुख्य गाभाऱ्यात परत आला तो १९८४ साली. मधल्या ११० वर्षांत राजवट बदलली, भूकंपाने शहर कोसळले, युद्धात ते जळाले, शिंतो आणि राज्य यांची फारकत झाली, तरी ही मागणी विरली नाही. मला या देवस्थानाच्या साऱ्या इतिहासात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पणजोबांच्या वेळी काढून घेतलेली गोष्ट पणतूने परत मागावी, यासाठी ती मधल्या प्रत्येक पिढीने आपली मानलेली असावी लागते. आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. मासाकादो परतल्यावर कुणी सुकुनाहिकोनाला बाहेर काढले नाही. ज्याला एकेकाळी परका म्हणून नाकारले होते, तोही एव्हाना आळ्यांचाच झाला होता, आणि म्हणून आज गाभाऱ्यात तीन देव आहेत.

ओतेमाचीतील समाधीची कथा याला समांतर चालते. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपानंतर त्या जागेवर अर्थखात्याची तात्पुरती इमारत उभारली गेली. पुढच्या काही वर्षांत, १९२६ साली अर्थमंत्री हायामी सेइजी यांचे निधन झाले, खात्यातील इतरही काही अधिकारी दगावले, आणि समाधीचा कोप झाला अशी कुजबुज इतकी वाढली की जागा मोकळी करून शांती करण्यात आली. जून १९४० मध्ये वीज पडून लागलेल्या आगीत अर्थखात्यासह अनेक सरकारी इमारती जळाल्या. ते वर्ष मासाकादोच्या मृत्यूचे हजारावे वर्ष होते, ही गोष्ट लोकांच्या लक्षात आल्यावाचून राहिली नाही. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने वाहनतळासाठी तिथे सपाटीकरण सुरू केले तेव्हा बुलडोझर उलटून चालक मरण पावला, असे सांगतात, आणि स्थानिकांनी जाऊन ही आमच्या जुन्या सरदाराची समाधी आहे अशी विनवणी केल्यावर काम थांबले. या कथांमधला ‘शाप’ मला तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. या प्रत्येक कथेत शहरातल्या सर्वांत मोलाच्या जमिनीचा एक तुकडा वाचवण्यासाठी कुणीतरी पुढे आलेले दिसते, आणि प्रत्येक वेळी तो वाचला आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. २०२१ साली या समाधीचे नूतनीकरण पूर्ण झाले. चारही बाजूंनी काचेच्या उंच इमारती आहेत, आणि त्यांच्यामध्ये उघड्या आकाशाखाली एक शिळा, तिच्यापुढे ताजी फुले आणि दुपारच्या सुट्टीत गळ्यातले ओळखपत्र खिशात सरकवून नमस्कार करणारे नोकरदार.

आता देवळाकडे वळतो. अकिहाबाराकडून येणाऱ्या ज्या दगडी पायऱ्यांचा उल्लेख वर केला, त्या ओतोकोझाका नावाने ओळखल्या जातात. तेन्पो काळात, म्हणजे १८३० ते १८४४ च्या दरम्यान, कंदा भागातील आग विझवणाऱ्या चार पथकांनी त्या देवाला अर्पण केल्या. एदो हे लाकडी घरांचे आणि सतत पेटणारे शहर होते, आणि ही पथके आळ्यांमधल्याच सुतार-गवंड्यांसारख्या माणसांची असत. पायऱ्या उंच आहेत, चढताना दम लागतो, आणि म्हातारी माणसे मधल्या कठड्याला धरून सावकाश चढताना दिसतात. ओचानोमिझु स्थानकाकडून आले तर वाट सोपी आहे. हिजिरी पूल ओलांडायचा, युशिमा सेइदो हे कन्फ्यूशियसचे जुने मंदिर उजवीकडे ठेवायचे, आणि मोठ्या रस्त्यावरच देवस्थानाचे तोरी, म्हणजे शिंतो कमान, दिसते. कमानीला लागूनच आमानोया हे १८४६ पासूनचे दुकान आहे. तिथे तांदूळ आंबवून केलेले आमाझाके हे गोडसर पेय मिळते. थंडीच्या दिवसांत ते गरम प्यावे.

आतले दोन मजली प्रवेशद्वार १९७५ चे आहे. त्याच्या पुढे अंगण आणि मग मुख्य देऊळ. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जुने लाकडी देऊळ भस्मसात झाले होते. पुन्हा बांधताना ते आगीत टिकेल असे असावे, असा निर्णय झाला, आणि लोखंडी सांगाडा व काँक्रीट वापरून, पण जुन्या शैलीचे छप्पर, कमानदार वळणे आणि लाखेचा लेप तसेच ठेवून हे देऊळ उभे केले गेले. त्या वेळी धाडसी वाटलेला हा निर्णय पुढे अकराच वर्षांत कसाला लागला. मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यांत भोवतालचा परिसर जळून खाक झाला, आवारातल्या इतर इमारतीही गेल्या, आणि हे देऊळ उभे राहिले. म्हणून हे काँक्रीट आहे अशी तक्रार कुणी केली, की मला वाईट वाटते. देव वाचावा म्हणून आळ्यांनी शोधलेला तो उपाय होता, आणि तो लागू पडला.

या बांधकामाशी ज्या वास्तुविशारदांची नावे जोडलेली आहेत, त्यांत इतो चुता यांचे नाव आहे. मराठी माणसाने हे नाव लक्षात ठेवावे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी चीन, भारत आणि तुर्कस्तान असा दीर्घ अभ्यासदौरा केला होता, आणि टोकियोच्या त्सुकिजी भागातील होन्गान्जी हे बौद्ध मंदिर त्यांनी भारतातील प्राचीन बौद्ध वास्तूंच्या धर्तीवर रचले. तेही १९३४ सालीच पूर्ण झाले. त्याच्या दर्शनी भागावरची मोठी कमान पाहताना कार्ले किंवा अजिंठ्याची चैत्यगवाक्षे आठवतात.

भारताशी असलेला दुसरा धागा कंदाच्या अंगणातच आहे. तिथे दाइकोकुची भली मोठी दगडी मूर्ती आहे, भाताच्या पोत्यांवर उभी, हातात हातोडा, पाठीवर झोळी आणि चेहऱ्यावर तृप्त हसू. दाइकोकु म्हणजे मूळचा आपला महाकाल. बौद्ध धर्माबरोबर तो चीनमार्गे जपानला आला, तिथल्या ओनामुची या देवाशी एकरूप झाला आणि स्वयंपाकघराचा, धान्याचा व भरभराटीचा देव बनला. उज्जैनच्या महाकालाचे दर्शन घेतलेल्या माणसाला या गुबगुबीत, हसऱ्या मूर्तीत त्याची काहीही खूण दिसणार नाही, आणि तरीही नाते खरे आहे.

दर्शनाची पद्धत सोपी आहे. आधी पाण्याने हात आणि तोंड स्वच्छ करायचे, देवापुढे नाणे टाकायचे, दोनदा कमरेत वाकायचे, दोनदा टाळी वाजवायची, मनातले सांगायचे आणि पुन्हा एकदा वाकायचे. त्यानंतर बहुतेक जण उजव्या-डाव्या बाजूच्या दालनांकडे वळतात, जिथे ताईत आणि नवसाच्या लाकडी पाट्या मिळतात. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी इथे माहितीच्या सुरक्षिततेचा खास ताईत आहे, सोबत संगणकावर किंवा फोनवर चिकटवायचे लहान शिक्के असतात. शेजारच्या अकिहाबारामुळे हे ओघानेच आले आहे. टोकियोत आपले कित्येक मराठी तरुण सॉफ्टवेअरच्या कामासाठी आलेले आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींच्या लॅपटॉपवर गणपतीशेजारी हा शिक्का मी पाहिला आहे. नवसाच्या पाट्या टांगलेल्या चौकटीजवळ थोडा वेळ जरूर उभे राहावे. तळहाताएवढ्या पाटीवर कुणी अ‍ॅनिमेतल्या पात्राचे इतके देखणे चित्र काढलेले असते, की ते रंगवायला तास दोन तास सहज लागले असतील, आणि त्याखाली बारीक अक्षरात परीक्षेचे, आईच्या आजाराचे किंवा नव्या नोकरीचे मागणे असते. तिच्या खालोखाल कंपनीच्या नावाने लिहिलेली पाटी, वर्षभर सर्व्हर बंद पडू नये म्हणून.

देवस्थानाच्या कक्षेत १०८ आळीमंडळे येतात. कंदा, निहोन्बाशी, अकिहाबारा, ओतेमाची, मारुनोउची, असा टोकियोचा सगळा गाभा त्यांत आला. कंदा उत्सव विषम वर्षी मेच्या मध्याच्या आसपास होतो. पूर्वी तो भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास होई. वादळे आणि साथीचे रोग यांमुळे १८९२ मध्ये तो मे महिन्यात आणला गेला. एदो काळात उंच सजवलेले रथ हे त्याचे वैशिष्ट्य होते, पुढे रस्त्यांवर विजेच्या तारा आल्या, रथ मागे पडले आणि खांद्यावरून वाहायच्या मिकोशींना, म्हणजे देवाच्या पालख्यांना, महत्त्व आले. शनिवारी तिन्ही देवांच्या पालख्या दिवसभर आळ्याआळ्यांतून फिरतात. मासाकादोच्या समाधीपाशी थांबून विधी होतो. रविवारी आळ्यांच्या स्वतःच्या पालख्या देवळात येतात. ज्या मंडळाची पाळी येते ते प्रवेशद्वारातून आत शिरताना पालखी जोराने हिंदकळवते, वरच्या फिनिक्स पक्ष्याच्या पंखांवरचे घुंगरू खणखणतात, आणि आखूड अंगरखे घातलेले, घामाने निथळणारे खांदेकरी एका सुरात साद घालतात. खांद्याला लाकूड घासून रक्ताळलेला भाग पुसत पुन्हा आत घुसणारी माणसे मी पाहिली आहेत. पालखी उचलण्याचे वेड म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही जत्रेच्या गावच्या माणसाला लगेच उमगेल.

या आळ्यांत आता राहणारी माणसे थोडीच उरली आहेत. घरांच्या जागी कचेऱ्या आल्या, जुनी कुटुंबे उपनगरांत गेली. पालखी उचलायला माणसे कमी पडू लागली तेव्हा मंडळांनी आळीत असलेल्या कंपन्यांतील नोकरदारांना बोलावले, आणि आज अनेक पालख्यांना त्यांचेच खांदे लागतात. उलट बाजूचे उदाहरण कंदाच्या जुन्या भाजीबाजाराचे आहे. अकिहाबाराजवळचा हा बाजार १९८९ साली दूर ओता विभागात हलवला गेला, पण देवस्थानाच्या आवारातल्या एदो देवळाची अजस्र पालखी उचलायला बाजाराची माणसे अजूनही कंदाला येतात. दुकान गेले, देव तोच राहिला. नवीन आलेल्यांना सामावून घेणे आणि गेलेल्यांचा मान राखणे, या दोन्ही गोष्टी करताना मंडळांमध्ये कुरबुरी होत नसतील असे नाही. तरीही उत्सव उभा राहतो, आणि तो पाहिल्यावर १८७४ चा हुकूम का टिकला नाही याचे उत्तर मिळते.

ज्यांना जायचे असेल त्यांनी शक्य तर विषम वर्षाचा मे महिना निवडावा. गर्दी नको असेल तर जानेवारीचा पहिला आठवडा टाळावा, कारण नव्या वर्षाचे कामकाज सुरू होते त्या दिवशी कंपन्यांचे कर्मचारी काळ्या सुटांत घोळक्या-घोळक्याने दर्शनाला येतात आणि रांग रस्त्यापर्यंत पोहोचते. एरवी आधी ओतेमाचीची समाधी आणि मग कंदाचे देऊळ असा क्रम ठेवावा, म्हणजे देव कुठून कुठे आला ते पायांना समजते. आणखी एक सूचना. भारतातून येणारे अनेक जण नारिता विमानतळावर उतरतात आणि वेळ असेल तर तिथले प्रसिद्ध नारितासान मंदिर पाहतात. त्या मंदिराची स्थापना ९४० साली मासाकादोच्या पराभवासाठी केलेल्या अनुष्ठानातून झाली आहे, त्यामुळे कंदाचे निष्ठावंत भक्त नारिताच्या मंदिरात पाऊल टाकत नाहीत. पाहुण्यांना असे बंधन नाही, दोन्ही ठिकाणी जावे. फक्त कंदाच्या एखाद्या वृद्ध दुकानदाराशी बोलताना, आपण सकाळीच नारिताला दर्शन घेऊन आलो, असे सांगू नये.